पश्चात्ताप, तारण आणि चुलत्याचा बांध

प्रश्न पाठवणारे भाऊ शहादा तालुक्यातले आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. काही वर्षांपूर्वी संजीवन सभेत, म्हणजे विश्वास जागवणाऱ्या प्रार्थनासभेत, ते पुढे गेले, खूप रडले, नंतर बाप्तिस्मा झाला. आता एक उपदेशक सांगतात की पश्चात्ताप पुरा झाल्याशिवाय तारण, म्हणजे पापातून सुटका, नाही. दुसरे सांगतात, तारण केवळ विश्वासाने होतं, पश्चात्तापाचा आग्रह धरणं म्हणजे पुन्हा कर्मकांड. त्यात सुटलेली दारू परत लागली. आणि एक जुनी गोष्ट मनाला खाते: वडील आणि ते मिळून दरवर्षी नांगरताना चुलत्यांच्या शेताचा बांध कोरत गेले. चुलते वारले, काकू आता मुलाकडे सुरतेला असतात. ‘माझा पश्चात्ताप खरा होता का, आणि माझं तारण झालं आहे का?’ एवढंच त्यांना विचारायचं आहे.

भाऊ, आधी त्या दोन उपदेशकांचं बघू. दोघेही वचनातूनच बोलतात, फक्त जे एकत्र आहे ते त्यांनी वेगळं केलं. मार्कच्या पहिल्या अध्यायात येशूच्या सेवेची सुरुवात होते तिथे एकाच दमात दोन आज्ञा आहेत: पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा. इफिसच्या वडीलजनांचा निरोप घेताना पौलही आपल्या सगळ्या शिकवणीचा सारांश असाच सांगतो, देवाकडे पश्चात्ताप आणि प्रभू येशूवर विश्वास. कधी कधी मात्र दोहोंपैकी एकाचंच नाव येतं. शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्र लोकांना म्हणतो, पश्चात्ताप करा आणि बाप्तिस्मा घ्या; विश्वास हा शब्द तो त्या वाक्यात उच्चारत नाही. उलट फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याला पौल आणि सीला फक्त ‘विश्वास ठेव’ म्हणतात, पश्चात्तापाचा शब्द काढत नाहीत. पण त्या रात्री पुढे काय झालं ते वाचा. ज्याने संध्याकाळी या दोघांचे पाय खोड्यात अडकवले होते, त्यानेच मध्यरात्री त्यांच्या पाठीवरच्या जखमा धुतल्या, मग बाप्तिस्मा घेतला आणि त्यांना घरी नेऊन जेवू घातलं. तिथे पश्चात्ताप हा शब्द नाही, पण जखमा धुणारे हात आहेत.

म्हणून मी असं सांगतो: पापाकडे पाठ करणं आणि ख्रिस्ताकडे तोंड करणं ही एकच हालचाल आहे. पाठ न फिरवता तोंड फिरवता येत नाही. तेव्हा ‘पश्चात्ताप हवा की विश्वास’ हा वाद मला फारसा कामाचा वाटत नाही. खरी अडचण आपल्या भागात वेगळीच होते, आणि तिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

आपल्या पाड्यांत भांडण झालं की ते पंचांपुढे जातं. पंच दोघांचं ऐकतात, दंड ठरवतात, दंड भरला आणि सगळ्यांचं जेवण झालं की प्रकरण मिटलं. ही रीत मी वाईट म्हणत नाही. कोर्टाच्या तारखांपेक्षा तिथे लवकर न्याय मिळाल्याचं मी पाहिलं आहे. पण तीच रीत आपण मनातल्या मनात देवाला लावतो. पश्चात्ताप म्हणजे देवाने बसवलेला दंड, असं वाटतं. सात दिवस उपास केला, सभेत गुडघ्यांवर बसून रडलो, मंडळीला द्यायचं महिन्याचं दशमांश जास्त दिलं, म्हणजे भरला. पूर्वी भगताला विचारून बोकड कबूल केला जायचा, आता उपास कबूल होतो. हिशेब तोच राहिला. मग तुमच्यासारख्याला रात्री झोप येत नाही, कारण दंड पुरा भरला की थोडा बाकी राहिला हे सांगणारं कोणी नसतं. कितीही रडलं तरी आणखी थोडं रडता आलंच असतं.

शुभवर्तमान इथेच वेगळं बोलतं. दंड भरला गेला आहे, तो वधस्तंभावर, आणि तो भरणारे आपण नव्हतो. इफिसकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय स्पष्ट आहे: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे, कर्मांनी नाही, म्हणजे कोणी बढाई मारू नये. आता पश्चात्ताप ही तारणाची किंमत धरली, तर तेही एक कर्मच झालं आणि बढाईला जागा झाली. ‘मी किती रडलो’ ही बढाई मी सभेत लोक आपली साक्ष सांगतात त्या वेळी अनेकदा ऐकली आहे. आधीचं पाप जितकं रंगवून सांगावं तितका माणूस मोठा.

उलट नवा करार पश्चात्तापालाही दानच म्हणतो. कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी जे घडलं ते पेत्राने यरुशलेमात सांगितलं तेव्हा ऐकणारे म्हणाले, देवाने परराष्ट्रीयांनाही, म्हणजे यहूदी नसलेल्यांनाही, जीवनासाठी पश्चात्तापबुद्धी दिली आहे. ‘दिली आहे’ हे त्यांचं बोलणं आहे. रोमकरांच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की देवाची दयाच माणसाला पश्चात्तापाकडे नेते. नरकाची भीती दाखवून माणूस पुढे आणता येतो, हे कोणत्याही उपदेशकाला माहीत असतं. पण भीतीने आलेला माणूस भीती ओसरली की परत जातो. दया कळलेला माणूस पडला तरी परत कुठे जायचं ते त्याला ठाऊक असतं.

यावर मंडळीच्या इतिहासात मोठे वाद झाले आहेत, ते मी धावतेच सांगतो. चौथ्या शतकात पुष्कळ जण बाप्तिस्मा मुद्दाम लांबवायचे, म्हणजे आयुष्यभराची पापं शेवटी एकदम धुतली जातील. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३७ साली मरणपंथाला लागल्यावर बाप्तिस्मा घेतला. मध्ययुगात युरोपात पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं पैशाने मिळू लागली. त्याला विरोध करताना ३१ ऑक्टोबर १५१७ ला मार्टिन ल्यूथरने जी ९५ विधानं मांडली, त्यातलं पहिलंच असं आहे की येशूने ‘पश्चात्ताप करा’ म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं अशी त्याची इच्छा होती. जॉन कॅल्विनने क्रम लावला: आधी विश्वास, आणि त्यातून पश्चात्ताप उगवतो. कॅथलिक मंडळीने ट्रेंटच्या परिषदेत, १५५१ साली, पश्चात्तापाच्या संस्काराची तीन अंगं ठरवली: मनातलं खरं दुःख, धर्मगुरूपुढे कबुली आणि भरपाईची कृती. मी प्रोटेस्टंट पाळक आहे, पापक्षमेसाठी धर्मगुरू मध्ये लागतो असं मी मानत नाही. पण एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो: कोणातरी माणसापुढे तोंडाने पाप कबूल करण्याची सवय त्यांनी जपली आणि आपण ती घालवली, हे आपलं नुकसान आहे. याकोबाचं पत्र सांगतं की एकमेकांजवळ पापं कबूल करा. आपल्याकडे ‘एकमेकांजवळ’ याचा अर्थ दुसऱ्याची पापं तिसऱ्याजवळ असा झाला आहे.

आणखी एक. आपल्या शेजाऱ्यांना पश्चात्ताप शिकवायला निघतो तेव्हा आपण उगाच असं बोलतो की जणू हे त्यांनी कधी ऐकलंच नाही. अमळनेरला सखाराम महाराजांची गादी आहे, मुक्ताईनगरला मुक्ताईची यात्रा भरते. तिथल्या वारकऱ्याला अनुताप काय असतो हे कीर्तनातून पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कवी ना. वा. टिळक ख्रिस्ती झाल्यावरही तुकारामांना सोडून आले नाहीत. मनाला पाप बोचणं ही ख्रिस्ती माणसाची खास मालमत्ता नव्हे. वेगळेपण पुढे आहे: ते बोचणारं ओझं कोणाच्या पायाशी ठेवायचं आणि क्षमेची खात्री कशावर धरायची. ख्रिस्ती उत्तर असं की खात्री माझ्या अनुतापाच्या तीव्रतेवर नाही, जो मेला आणि उठला त्याच्यावर आहे.

आता रडण्याबद्दल. मी अश्रूंना हसत नाही. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात आत्मिक जागृती झाली तेव्हा मुली आणि स्त्रिया मोठ्याने रडत आपली पापं कबूल करत होत्या, आणि ते नाटक होतं असं मी म्हणणार नाही. पण बायबल स्वतःच अश्रूंवर पूर्ण भरवसा टाकत नाही. योएल संदेष्टा म्हणतो, वस्त्रं नको, हृदयं फाडा. करिंथकरांना पौल दोन प्रकारचं दुःख सांगतो: देवाला अनुसरून होणारं दुःख तारणाकडे नेणारा पश्चात्ताप उत्पन्न करतं, आणि जगाचं दुःख मरण आणतं. दोन्ही दुःखांत डोळ्यांतून पाणी येतं. बाहेरून फरक दिसत नाही.

फरक पाहायचा तर यहूदा आणि पेत्र यांना शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकाच रात्री दोघांनी आपल्या गुरूला दगा दिला: यहूदाने तीस रुपयांसाठी येशूला धरून दिलं, पेत्राने ‘मी त्याला ओळखत नाही’ असं तीनदा म्हटलं. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात यहूदाने काय केलं ते बघा. त्याला पस्तावा झाला. त्याने तीस रुपये परत केले. ‘निर्दोष रक्ताचा घात करून मी पाप केलं आहे’ अशी उघड कबुली दिली, तीही मुख्य याजकांपुढे. पस्तावा, कबुली आणि भरपाई ही तिन्ही अंगं तिथे आहेत. कोणत्याही संजीवन सभेत एवढं झालं असतं तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या. याजकांचं उत्तर मात्र, ‘त्याचं आम्हाला काय? तुझं तू बघ.’ आणि तो खरंच स्वतःचं स्वतःच बघायला गेला, त्याने आपला जीव दिला. तो सगळीकडे गेला, येशूकडे गेला नाही. पेत्राजवळ परत करायला एक रुपयाही नव्हता. तोही बाहेर जाऊन रडला. पण योहानाच्या शेवटच्या अध्यायात होडीतून किनाऱ्यावर प्रभू दिसल्याबरोबर त्याने पाण्यात उडी टाकली, बाकीचे शिष्य होडीने मागून आले. तिथे त्याला कोणी दंड केला नाही. ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ हे तीनदा विचारलं, आणि तीनदा काम सोपवलं.

म्हणून पश्चात्ताप खरा होता का हे तपासताना मी माणसाला विचारतो, तू कोणाकडे गेलास? किती रडलास हे विचारत नाही. (आणि हे वाचणाऱ्या कोणाच्या मनात अपराधाच्या भाराने जीव द्यायचा विचार येत असेल, तर आजच्या आज घरातल्या, मंडळीतल्या किंवा दवाखान्यातल्या एका माणसाला ते बोलून दाखवा. ते तोंडातून बाहेर पडलं पाहिजे.)

मग फळाचं काय? बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने पश्चात्तापाला शोभेल असं फळ मागितलं, तेव्हा लोकांनी सरळ विचारलं, आम्ही काय करावं? लूकच्या तिसऱ्या अध्यायातली त्याची उत्तरं मला फार आवडतात, कारण त्यात उपास, जप, यात्रा यांतलं काही नाही. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा. जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायाने लोकांना धमकावून पैसे उकळू नयेत, आपल्या पगारात भागवावं. ज्याचं पाप ज्या धंद्यात, त्याचा पश्चात्ताप त्याच धंद्यात. आपल्याकडे तो आला असता तर कापसाचा काटा मारणाऱ्याला त्याने भजनाला नक्कीच पाठवलं नसतं, आधी काटा सरळ करायला लावला असता.

जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्याला चौपट देण्याचं कबूल केलं. चौपट हे मोशेच्या नियमशास्त्रात मेंढरू चोरून कापून खाणाऱ्याला होतं. आपणहून कबूल करणाऱ्याला मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच होतं. म्हणजे तो स्वतःला कडक माप लावत होता. पण क्रम चुकवू नका. झाडावर बसलेल्या जक्कयाला येशू आधी म्हणाला की आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. तेव्हा जक्कयाने एक पैसाही दिलेला नव्हता. आधी पाहुणा घरी आला, मग तिजोरी उघडली. आणि ज्याला फळ द्यायला दिवसच उरले नाहीत, त्या वधस्तंभावरच्या चोराचं? त्याच्या हातून भरपाई होणं शक्यच नव्हतं. पण त्याची दोन-तीन वाक्यं बघा: आपल्याला झालेली शिक्षा योग्य आहे असं तो म्हणाला, दुसऱ्या चोराला दटावलं, आणि येशूकडे आठवण ठेवण्याची विनंती केली. उरलेल्या काही तासांतही माणूस कुठे वळला ते कळतं.

आपल्या अहिराणीत माणूस ‘मन्हं चुकनं’ म्हणतो तेव्हा पुढचा शब्द ऐकायचा असतो. ‘मन्हं चुकनं, पन...’ असं आलं की अजून वळण झालेलं नाही. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला मारवलं, त्यावर नाथान संदेष्ट्याने बोट दाखवलं तेव्हा दाविदाने ‘पण’ काढला नाही. त्याआधीच्या शौल राजाने शमुवेल संदेष्ट्यापुढे ‘मी पाप केलं’ म्हटलं आणि लगेच विनंती केली की लोकांच्या वडीलजनांपुढे माझा मान राख. शब्द तेच, पुढचं वाक्य वेगळं.

भाऊ, आता तुमच्या दारूचं. पुन्हा पडलात म्हणून पहिला पश्चात्ताप खोटा ठरत नाही. योहानाचं पहिलं पत्र विश्वासणाऱ्यांनाच लिहिलेलं आहे आणि तेच म्हणतं की आमच्यात पाप नाही असं म्हटलं तर आपण स्वतःला फसवतो, पापं कबूल केली तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, क्षमा करील. येशूने आपल्याला दिवसातून सात वेळा येणाऱ्या भावाला सात वेळा क्षमा करायला सांगितलं. तो स्वतः त्याहून कंजूष असेल असं का धरता? मला काळजी पडणाऱ्याची कमी वाटते, पडून तिथेच घर बांधणाऱ्याची जास्त. तुम्ही विचारता आहात, म्हणजे अजून घर बांधलेलं नाही.

पण मोहाच्या फुलांची दारू रोज घेत असाल तर ती केवळ प्रार्थनेच्या भरवशावर एका रात्रीत तोडू नका. रोजची दारू एकदम बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत हात कापणं, आकडी येणं, भ्रम होणं हे घडू शकतं आणि त्यात माणूस दगावतोही. सिव्हिल हॉस्पिटलला जा, औषध घ्या, प्रार्थनाही करा. ज्या मित्रांबरोबर बसणं होतं तिथला बाजाराचा रस्ता बदला. डॉक्टरकडे गेल्याने विश्वास कमी पडला असं कोणी म्हटलं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक सांगून टाकतो, कारण मंडळ्यांत हे फार चुकतं. बायकोला मारणारा नवरा सभेत रडला, पाळकाच्या पाया पडला, की वडीलजन बायकोला म्हणतात, बघ, त्याने पश्चात्ताप केला, आता क्षमा करून घरी जा. हे चूक आहे. त्याचा पश्चात्ताप तिने रात्रीतून मोजायचा नसतो. तो खरा असेल तर महिनोन्‌महिने वेगळं राहून, दारू सोडून, पोलिसात तक्रार झाली असेल तर तिला सामोरं जाऊन तो दाखवू द्या. गुन्हा झाला असेल तर मंडळीची क्षमा ही कायद्यापासून लपायची जागा नाही. पश्चात्ताप करणारा माणूस परिणाम टाळत नाही. दाविदालाही क्षमा मिळाली आणि परिणामही भोगावे लागले.

उरला बांध. तारण झालं आहे का, याचं उत्तर बांधावर अवलंबून नाही. ख्रिस्ताकडे वळला आहात, त्याच्यावर भार टाकला आहे, तर तारण त्याच्या कामामुळे आहे. पण बांध अजून तसाच आहे आणि तो मनाला खातो, याचा अर्थ देवाचा आत्मा तुम्हाला सोडून गेला असा नव्हे. आत्मा काम करतो आहे म्हणूनच खातो.

मी एका गावात हे जवळून पाहिलं आहे. एका विश्वासणाऱ्याने थोरल्या भावाची जमीन अशीच नांगराच्या तासा-तासाने आत घेतली होती. त्याने भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज केला, फी स्वतः भरली, नकाशाप्रमाणे दगड रोवून दिले. भाऊ खूश झाला असेल असं वाटतं ना? तो म्हणाला, ‘आता हे काय नवीन काढलंस, कोणती सही हवी आहे?’ बरेच दिवस तो बोलला नाही. क्षमा मागणं आपलं काम, देणं समोरच्याचं. क्षमा मिळेल या अटीवर जमीन परत करणं म्हणजे सौदा.

तुमच्या बाबतीत चुलते गेले. नियमशास्त्राने याचाही विचार केला आहे: बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, ज्याचं नुकसान केलं तो नसेल तर भरपाई त्याच्या जवळच्या नातलगाला द्यायची, तोही नसेल तर ती परमेश्वराची म्हणून याजकाकडे जाते. तुमची काकू आहे, चुलतभाऊ आहे, म्हणजे याजकापर्यंत जायचं कारणच नाही. मंडळीच्या दानपेटीत टाकून हे मिटवू नका. मी पाळक असून सांगतो. मोजणी आधी करून घ्या, म्हणजे किती गुंठे गेले ते अंदाजाने बोलावं लागणार नाही. इतक्या वर्षांच्या पिकाचा हिशेब अगदी रुपयाला रुपया लागणार नाही, पण काहीतरी आकडा काढून तो वेगळा ठेवा. एकदम जमत नसेल तर कापूस विकला की दरवर्षी थोडं.

मग नंदुरबारहून गाडीत बसा आणि सुरतेला जा. एकटेच जा, मला किंवा मंडळीतल्या कोणाला सोबत नेऊ नका, नाहीतर काकूला वाटेल की धर्म सांगायला आले. साक्ष द्यायची घाई करू नका. वडिलांनी सुरुवात केली हे खरं असलं तरी पहिल्या वाक्यात वडिलांचं नाव घेऊ नका. सातबारा आणि मोजणीचा नकाशा सोबत ठेवा, आणि काकू जे बोलेल ते सगळं ऐकून घ्या. ती चहा देईल किंवा देणार नाही. चुलतभाऊ चिडून म्हणेल की इतकी वर्षं कुठे होतास. त्याला उत्तर देऊ नका, कारण त्याचं बरोबर आहे. परत आल्यावर मला फोन करा, मग हद्दीचे दगड कधी रोवायचे आणि तलाठ्याकडे कोणी जायचं ते ठरवू.